कार्यक्रम मूल्यमापनाला तयार आहे का? आधी ठरवा, कोणत्या प्रश्नासाठी

तुमचा प्रश्न बराच लांब होता, म्हणून बाकीच्यांसाठी तो थोडक्यात मांडते. बीड जिल्ह्यातल्या एका संस्थेत तुम्ही देखरेख आणि मूल्यमापनाचं काम बघता. युरोपातल्या एका डोनरच्या निधीतून २०१९ पासून वीस गावांत पाणलोट आणि महिला बचत गटांचा कार्यक्रम चालू आहे. मध्ये मुदतवाढ मिळाली, आता तो संपत आलाय. अंतिम मूल्यमापनासाठी एजन्सी नेमण्याआधी डोनरने ‘इव्हॅल्युएबिलिटी असेसमेंट’ (कार्यक्रमाचं मूल्यमापन नीट करता येईल का, याची आधीची चाचपणी) करायला सांगितलंय आणि सोबत भली मोठी चेकलिस्ट पाठवलीय. तुम्ही ती भरली, बहुतेक रकान्यांत ‘होय’ आलं, तरी धाकधूक जात नाही, कारण बेसलाइन (काम सुरू होतानाच्या स्थितीची मोजणी) आहे पण तिच्यावर तुमचाच भरवसा नाही. तुमचे संचालक म्हणतात, ‘तयार आहोत’ असं लिहून मोकळे व्हा. तुम्ही विचारताय, लिहू का?

लिहू नका. पण ‘तयार नाही’ असंही लिहू नका. दोन्ही उत्तरं एका अर्धवट प्रश्नाची आहेत. कार्यक्रम नुसता तयार किंवा नुसता बिनतयारीचा कधीच नसतो. तो एखाद्या प्रश्नाला तयार असतो आणि दुसऱ्याला नसतो. ‘बांधबंदिस्ती ठरल्याप्रमाणे झाली का आणि आज किती शाबूत आहे?’ याला तुम्ही बहुधा आत्ताही तयार आहात. कामं शिवारात उभी आहेत, मोजमाप पुस्तिका ऑफिसात आहेत. ‘संस्था बाहेर पडल्यावर गट चालतील का?’ यालाही बऱ्यापैकी. पण ‘१,२०० कुटुंबांचं उत्पन्न ३० टक्क्यांनी वाढलं का, आणि ते या कार्यक्रमामुळे का?’ हा जो तुमच्या लॉगफ्रेममधला (उद्दिष्टं आणि ती मोजायची मापं यांच्या तक्त्यातला) मुख्य इंडिकेटर आहे, त्याला तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तरी तयार नाही. डोनरला पाठवायच्या टिपणात प्रत्येक प्रश्नासमोर वेगळं उत्तर हवं.

हा प्रकार मुळात आला कुठून, ते दोन ओळींत सांगते, कारण त्यातून त्याचा हेतू कळतो. १९७० च्या दशकात वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूटमध्ये जोसेफ होली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. अमेरिकी सरकारच्या योजनांची मूल्यमापनं होत होती, अहवाल येत होते आणि कुणी ते वापरत नव्हतं. उद्दिष्टं धूसर, कायदा करणाऱ्यांच्या मनात एक कार्यक्रम आणि राबवणाऱ्यांच्या हातात दुसराच. मग मूल्यमापनावर खर्च करण्याआधी तो खर्च कारणी लागेल का, ते पाहण्याची ही छोटी पायरी आली. विकास सहकार्यात ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या डॅक या विकास-मदत समितीने तिची व्याख्या केली: एखादा उपक्रम विश्वासार्ह रीतीने कितपत मूल्यमापन करता येण्यासारखा आहे, ते पाहणं. ब्रिटनच्या तेव्हाच्या डीएफआयडी या परदेशी विकास-मदतीच्या खात्यासाठी रिक डेव्हिस यांनी २०१३ मध्ये या विषयावरच्या लिखाणाचा आढावा घेतला आणि तीन बाजू धरल्या: आराखडा, माहितीची उपलब्धता आणि संस्थात्मक परिस्थिती. ते खातं २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झालं, पण त्या तीन बाजूंवर बेतलेल्या चेकलिस्टा जगभर फिरतायत. तुमच्याकडे आलेली त्याच घराण्यातली दिसते.

त्या तीन बाजू बरोबर आहेत. माझा क्रम मात्र उलटा असतो. बहुतेक जण आराखड्यापासून सुरुवात करतात, मग डेटा, आणि शेवटी उरलेल्या वेळात ‘संस्थात्मक’ म्हणून दोन परिच्छेद. मी शेवटच्या बाजूपासून सुरू करते आणि पहिला फोन डोनरच्या प्रोग्राम ऑफिसरला लावते. विचारायचं एवढंच: हा अहवाल आल्यावर कोण, कधी, काय ठरवणार आहे? पुढचा टप्पा द्यायचा की नाही, हे अहवालावर ठरणार असेल तर एक मूल्यमापन लागतं. पुढच्या टप्प्याचा निर्णय त्यांच्या मुख्यालयात आधीच झालेला असेल (आणि तो बऱ्याचदा झालेला असतो, कारण त्यांचं बजेटचं वर्ष तुमच्या खरीप-रब्बीसाठी थांबत नाही), तर चारशे घरांचा सर्वे करून आधीच ठरलेल्या गोष्टीला शिक्का मारण्यात अर्थ नाही. तेव्हा ‘पुढच्या टप्प्यात काय बदलायचं’ या प्रश्नाचं हलकं, गुणात्मक मूल्यमापन जास्त उपयोगाचं. आणि फक्त निधी बंद करताना फाइल पूर्ण करायची असेल, तर तेही स्पष्ट कळू दे. त्यात गैर काही नाही, खर्च मात्र त्या बेताने करावा.

आता वेळेचं. अशी चाचपणी कार्यक्रमाच्या सुरुवातीला केली तर आराखडा सुधारता येतो, मध्यावर केली तर नोंदी सुधारता येतात, शेवटी केली तर फक्त प्रश्न आणि पद्धत बदलता येते. तुमच्या हातात शेवटचंच उरलंय. त्यातही टीओआर (एजन्सीने काय करायचं ते सांगणारा कागद) प्रसिद्ध झाला नसेल तर बरं. तो निघाल्यावर ही चाचपणी करणं म्हणजे पत्रिका छापून झाल्यावर स्थळाची चौकशी करणं. तुमच्या प्रश्नावरून वाटतं की मसुदा झालाय, गेलेला नाही. मग संचालकांना आधी तो थांबवायला सांगा.

दुसरी पायरी आराखडा. इथे चेकलिस्ट विचारते, ‘थिअरी ऑफ चेंज (कामातून बदल कसा घडेल याची मांडणी) आहे का?’ तुम्ही ‘होय’ लिहिलंत, कारण प्रस्तावात बाणांची आकृती आहे. आकृती असणं पुरेसं नाही. तीन वेगवेगळ्या माणसांना, एकमेकांच्या माघारी, एकच प्रश्न विचारा: या कामामुळे एखाद्या घराचं उत्पन्न नेमकं कसं वाढतं? संचालकांना विचारा, तुमच्या क्षेत्र पर्यवेक्षकाला विचारा आणि गावातल्या पाणलोट समितीच्या अध्यक्षाला विचारा. संचालक सांगतील: चर आणि बांध, त्याने भूजल, त्याने रब्बी, त्याने उत्पन्न, त्याने ऊसतोडीला जाणं कमी. पर्यवेक्षक सांगेल: बचत गटाचं कर्ज, शेळ्या, शिवण. अध्यक्ष कदाचित सांगतील की पाणी आलं ते विहीर असणाऱ्यांना, बाकीचे होते तसेच आहेत. तिन्ही खरं असू शकतं. पण मग तुमचा १,२०० चा आकडा कुणाचा आहे? त्यात भूमिहीन कुटुंबं धरली असतील तर त्यांच्यापर्यंत लाभ कोणत्या वाटेने पोचणार होता, ते कागदावर कुठे आहे का? नसेल तर मूल्यमापक हेच ‘शोधून’ काढतील, जे तुम्हाला आजही माहीत आहे. ते आधीच टिपणात लिहा आणि विहीर असलेली, जमीन आहे पण विहीर नाही अशी, आणि भूमिहीन, अशा तीन गटांचे निष्कर्ष वेगळे मागा.

याच ठिकाणी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात ओझरती आली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला सात गावं एका लहान सहयोगी संस्थेकडे होती आणि ‘नंतर ती आमच्याकडे आली’. हे बहुधा परदेशी निधीबद्दलच्या एफसीआरए कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीमुळे झालं असणार. त्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे तुमचा कार्यक्रम २०१९ च्या प्रस्तावातला राहिलेला नाही. सात गावांतली माणसं बदलली, कदाचित कामाची पद्धतही बदलली, आणि पहिल्या दीड वर्षाच्या नोंदी दुसऱ्याच संस्थेच्या कपाटात आहेत. त्याच काळात लॉकडाऊन. चेकलिस्टमध्ये यासाठी रकाना नाही. टिपणात मात्र पहिल्या पानावर यायला हवं: मूल्यमापन कोणत्या कार्यक्रमाचं करायचं, प्रस्तावातल्या की प्रत्यक्षात चाललेल्या? माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. फक्त तसं डोनरकडून लेखी घ्या, नाहीतर मूल्यमापक जुना लॉगफ्रेम घेऊन बसतील आणि प्रत्येक ओळीसमोर ‘अंशतः साध्य’ लिहीत जातील.

आता तुमच्या भरवशाचा प्रश्न, म्हणजे डेटा. माझी सवय अशी की एमआयएस (नोंदी ठेवण्याची आणि वर पाठवण्याची व्यवस्था) किती चांगली आहे, हे मी कुणाला विचारत नाही. डोनरला गेलेल्या शेवटच्या अहवालातला एक आकडा उचलते आणि तो जिथून आला तिथपर्यंत उलटी चालत जाते. अहवालातून जिल्ह्याच्या एक्सेल शीटमध्ये, तिथून तालुक्याच्या, तिथून गावाच्या फॉर्मवर, फॉर्मवरून तो भरणाऱ्या बाईपर्यंत.

एका कार्यक्रमात असं चालत जाऊन मी एका गावात पोचले होते. गटातल्या बायकांच्या उत्पन्नवाढीचा आकडा होता. फॉर्म भरणारी ताई हुशार आणि प्रामाणिक होती, गटाची वही तिच्या घरी पत्र्याच्या पेटीत व्यवस्थित ठेवलेली. तिला विचारलं, ‘ताई, हा वार्षिक उत्पन्नाचा रकाना कसा भरता?’ ती म्हणाली, ‘मागच्या वर्षीचा बघायचा अन् थोडा वाढवायचा. कमी लिहिलं की वरून फोन येतो.’ पुढचं विचारलं तेव्हा कळलं, शेळी विकून आलेले पूर्ण पैसे उत्पन्नात धरलेत, चारा-औषधाचा खर्च वजा नाही, आणि दोन घरांत तर गटाकडून घेतलेलं कर्जही उत्पन्नात जमा आहे. त्याच पेटीतली बचत आणि परतफेडीची वही मात्र पैशापैशाने जुळत होती, कारण ती दर महिन्याला सगळ्या बायकांसमोर वाचली जायची. तो कार्यक्रम उत्पन्नाच्या प्रश्नाला अजिबात तयार नव्हता आणि कर्जव्यवहाराच्या प्रश्नाला उत्तम तयार होता. एमआयएसचा दर्जा ‘मध्यम’ असं एका शब्दात लिहिलं असतं तर दोन्ही गोष्टी हरवल्या असत्या.

म्हणूनच रकान्यांच्या गुणांची बेरीज करून टक्केवारी काढू नका. डोनरला ती आवडते, हे मला माहीत आहे. पण लाभार्थ्यांची खरी यादीच नसेल तर बाकी सगळीकडे पूर्ण गुण मिळवून काही उपयोग नाही. नमुना कशातून काढणार? काही उणिवा चालवून घेता येतात, काही नाही, आणि बेरजेत त्या सारख्याच दिसतात.

तुमची बेसलाइन. ती मे २०१९ मधली आहे असं तुम्ही लिहिलंय. ऑक्टोबर २०१८ अखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि बीड त्यात होरपळलेलं होतं. म्हणजे तुमचं ‘आधी’चं चित्र दुष्काळाच्या तळाचं आहे. त्यानंतर मराठवाड्यात काही वर्षं पाऊस चांगला झाला, उलट अतिवृष्टीची ओरड होती. चांगल्या पावसाच्या वर्षाअखेर एंडलाइन (शेवटची मोजणी) केलीत तर काहीही काम न करता उत्पन्न वाढलेलं दिसेल. तुटीच्या वर्षी केलीत तर चांगलं कामही वाया गेल्यासारखं दिसेल. ही बेसलाइन खोटी नाही. फक्त पावसाचा परिणाम कामाच्या परिणामापासून वेगळा काढायला ती एकटी पुरत नाही.

आणखी एक अडचण महिन्याची आहे. मे महिन्यात ऊसतोडीला गेलेली माणसं परतलेली असतात. डोनरचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपतं, म्हणून एंडलाइन जानेवारीत ठरतेय असं तुम्ही म्हणता. जानेवारीत तुमच्या गावांतले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असणार. घराला कुलूप, किंवा घरी म्हातारे आणि एखादं शाळेतलं पोर. सर्वेक्षक कुलूप दिसलं की पुढच्या घरी जातो, पुढचं घर विहीरवाल्याचं निघतं. सगळ्यात गरीब घरं नमुन्यातून गळतात आणि सरासरी आपोआप वर चढते. असा अहवाल कार्यक्रमाच्या बाजूने लागतो, म्हणून संस्थेतही त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

आणि नमुन्याचा आकार. वीस गावांत प्रत्येकी वीस घरं, म्हणजे ४०० मुलाखती, हे ऐकायला भरपूर वाटतं. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात: पाऊस एक, बाजार एक, ऊसतोडीला नेणारा मुकादमही बऱ्याचदा एकच. हा सारखेपणा ० ते १ च्या मापावर ०.१ इतका धरला तर हिशोब असा: १ + (२० − १) × ०.१, म्हणजे २.९. तुमच्या ४०० मुलाखतींचं वजन साधारण १३८ सुट्या मुलाखतींइतकं राहतं. त्याचे पुन्हा मी वर सांगितलेले तीन गट पाडलेत तर भूमिहीनांच्या वाट्याला फारच थोडं उरतं. घरं वाढवून यावर फारसा इलाज होत नाही, गावं वाढवावी लागतात, आणि तुमच्याकडे गावं वीसच आहेत. उत्पन्नाच्या प्रश्नाला आकड्यांत खणखणीत उत्तर मिळणार नाही असं मी म्हणते, त्याचं हे निम्मं कारण.

उरलेलं निम्मं तुलनेच्या गावांचं. टीओआरच्या मसुद्यात ‘कार्यक्रम न झालेल्या शेजारच्या १० गावांशी तुलना’ असं कुणीतरी घातलंय. अशी कोरी गावं बीडमध्ये आणणार कुठून? २०१४-१५ पासून २०१९ पर्यंत जलयुक्त शिवार होतं. २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा होती. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने पोकरा हा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प आला, ज्यात मराठवाड्यातले सगळे जिल्हे आहेत. शेजारच्या गावात तुमचं काम नसेल, पण जेसीबी कुणाचा ना कुणाचा येऊन गेलेलाच असतो. तेव्हा ‘काम झालेलं विरुद्ध न झालेलं’ ही तुलना इथे होऊ शकत नाही. प्रश्न असा करा: सरकारी कामांच्या वर या कार्यक्रमाने काय भर घातली? त्याचं उत्तर एका संख्येत येणार नाही, साखळीतल्या एकेका कडीचा पुरावा तपासत यावं लागेल, आणि ते चालतं.

ही अडचण लहान संस्थांचीच असते असं समजू नका. आफ्रिकेतला मिलेनियम व्हिलेजेस प्रकल्प घ्या. कोलंबिया विद्यापीठाचे जेफ्री सॅक्स यांच्या पुढाकाराने, केनियातल्या सौरीपासून सुरू होऊन दहा देशांत पसरलेला, २०१५ पर्यंत चाललेला. पैसा, तज्ज्ञ, विद्यापीठ, सगळं हाताशी. पण तुलनेची गावं काम सुरू होऊन काही वर्षं गेल्यावर निवडली, त्यामुळे त्या गावांची सुरुवातीची स्थिती कुणी मोजलेलीच नव्हती. मायकेल क्लेमेन्स आणि गॅब्रिएल डेमॉम्बिन्स या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की प्रकल्पाच्या खात्यात जमा केलेले बरेच बदल त्याच काळात आसपासच्या ग्रामीण भागातही होत होते. मोबाइल तर सगळीकडेच वाढले होते. २०१२ मध्ये बालमृत्यू तिप्पट वेगाने घटल्याचा दावा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि हिशोबातली चूक निघाल्यावर लेखकांना तो मागे घ्यावा लागला. शेवटी २०१८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन यांचा सहभाग असलेल्या गटाने मागाहून जुळवलेल्या गावांशी तुलना करून बघितलं: ४० निर्देशकांपैकी ३० मध्ये प्रकल्पाची गावं पुढे होती, ठरवलेली उद्दिष्टं मात्र साधारण एक तृतीयांशच गाठली गेली. म्हणजे काम झालंच नव्हतं असं नाही. पण बरीच वर्षं भांडण चाललं ते आकड्यांवर विश्वास ठेवायचा का, यावर. याउलट उत्तर घानातल्या त्याच धर्तीच्या प्रकल्पाला डीएफआयडीने २०१२ मध्ये पैसे देतानाच स्वतंत्र मूल्यमापन, बेसलाइन आणि तुलनेची गावं ठरवून ठेवली. तिथला निष्कर्ष प्रकल्पाला गोड नव्हता, गरिबीचा सापळा तोडण्याचं मूळ उद्दिष्ट साधलं नाही असाच आला. पण सुरुवातीची स्थिती मोजलीच नव्हती, असं म्हणायला तिथे जागा नव्हती. मूल्यमापनाला तयार कार्यक्रम यशस्वी असतोच असं नाही, हे तुमच्या संचालकांना सांगायला हे उदाहरण चांगलं आहे.

मग तुमच्या हातात काय आहे? वाटतं त्यापेक्षा बरंच. साखळीतली पाण्याची आणि रब्बीची कडी तुम्ही बेसलाइनशिवाय मागे जाऊन बघू शकता. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं २०१५ नंतरची, १० मीटर तपशिलाची आणि फुकट आहेत. लँडसॅटची ३० मीटरची १९८० च्या दशकापासून मिळतात. अर्धा एकराचा तुकडा म्हणजे साधारण २,००० चौरस मीटर, सेंटिनेलमध्ये तो वीस ठिपके व्यापतो, लँडसॅटमध्ये जेमतेम दोन. तेव्हा शेतपातळीवर सेंटिनेल, गावपातळीवर लांबचा इतिहास हवा असेल तर लँडसॅट. खरिपात ढग असतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीची चित्रं घ्यायची, म्हणजे रब्बीची हिरवळच दिसते. आणि २०१९ ची तुलना आजच्याशी न करता सारख्या पावसाच्या वर्षांची एकमेकांशी करायची. कृषी विभागाकडे महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये; विहीर तुमच्याच पाणलोटात असेल असं नाही, पण जवळची असली तरी दिशा कळते. आसपासच्या सगळ्या गावांची चित्रं एकाच वेळी मिळत असल्यामुळे इथे तुलनाही थोडी जमते.

स्थलांतराच्या कडीसाठी उत्पन्न विचारूच नका. पाच वर्षांपूर्वीचं उत्पन्न कुणालाही आठवत नाही, विचारणाऱ्याला खूश करायला काहीतरी सांगितलं जातं. पण शेवटची उचल कधी घेतली, किती घेतली, घरातून किती कोयते गेले, कुठल्या मुकादमाकडे, हे लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत, कारण ते कर्ज असतं. शिवाय हंगामी वसतिगृहांच्या याद्या शाळेत असतात. आई-वडील फडावर गेले की मागे राहिलेली मुलं त्यात दिसतात. नियम आणि निधी बदलला की याद्याही लहानमोठ्या होतात, तेवढं सांभाळून वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या मागे मात्र लागू नका. ते आकडे जिल्ह्याचे असतात, तुमच्या वीस गावांबद्दल काहीच सांगत नाहीत.

एक गोष्ट चुकूनही करू नका. आत्ता ‘रजिस्टरं पूर्ण करून घेऊ’ अशी मोहीम ऑफिसात निघेल. एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेल्या तीन वर्षांच्या नोंदी मी पाहिल्यात, आणि मूल्यमापकही पाहतात. एकदा अशी वही सापडली की खऱ्या वह्यांवरचाही विश्वास उडतो. जे नाही ते ‘नाही’ लिहायचं. सहयोगी संस्थेकडच्या जुन्या नोंदी मात्र आजच मागा, ती माणसं अजून फोन उचलतायत तोवर.

टिपण किती मोठं हवं, असंही तुम्ही विचारलंत. ते कार्यक्रमाच्या आकारावर आहे. अनेक देशांत पसरलेल्या कार्यक्रमासाठी लोक महिनोन्‌महिने घेतात. वीस गावांसाठी पाच-सहा पानं पुरेत: कार्यक्रम प्रत्यक्षात काय होता, प्रश्न कोणते, प्रत्येकाला आत्ता कितपत उत्तर मिळू शकतं, कशाच्या आधारे, आणि काय केलं तर उत्तर सुधारेल. मूल्यमापनासाठीचे डॅकचे निकष आता सहा आहेत, २०१९ मध्ये ‘सुसंगतता’ हा निकष नव्याने जोडला गेला, पण सहाही निकषांवर प्रश्न विचारलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. तुमच्याकडे चार चांगले प्रश्न असतील तर चारच ठेवा. आणि कार्यक्रम चांगला की वाईट यावर त्यात एक वाक्यही नको. ते मूल्यमापकाचं काम आहे.

निष्कर्ष म्हणून तुमच्या बाबतीत मी साधारण असं लिहीन: कामांचा दर्जा आणि टिकाव, गटांचा कर्जव्यवहार आणि स्वावलंबन, या प्रश्नांना तयार. रब्बी क्षेत्र आणि ऊसतोड स्थलांतर, यांना दुय्यम माहिती जमवल्यास तयार. टक्केवारीतली उत्पन्नवाढ आणि तिचं श्रेय, याला तयार नाही. हा प्रश्न वगळावा किंवा ‘कोणत्या कुटुंबांना, कोणत्या वाटेने लाभ झाला’ असा बदलावा. डोनर चिडेल अशी भीती संचालकांना वाटेल. माझा अनुभव वेगळा आहे. प्रोग्राम ऑफिसरलाही वरती उत्तर द्यायचं असतं, आणि न टिकणाऱ्या आकड्यापेक्षा असा कागद त्याला जास्त सोयीचा पडतो. अर्थात सगळे सारखे नसतात. तुमच्या डोनरच्या करारात उत्पन्नाचा इंडिकेटर निधीच्या हप्त्याशी बांधलेला असेल तर हा बदल करारदुरुस्तीशिवाय होणार नाही. ते आधी तपासा.

शेवटचं, हे तुम्ही स्वतः करावं की बाहेरून करून घ्यावं? माहिती गोळा करण्याचा भाग तुम्हीच करा, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. पण तो एक आकडा उलटा चालवत नेण्याचं काम आणि तीन माणसांना विचारण्याचं काम बाहेरच्या कुणाला तरी द्या, दुसऱ्या संस्थेतला तुमच्यासारखाच एखादा अधिकारीही चालेल. तुमच्यासमोर ती ताई ‘थोडा वाढवायचा’ असं म्हणणार नाही. ज्या एजन्सीला पुढे मूल्यमापनाचं काम मिळू शकतं तिला मात्र यात घेऊ नका. तिचं उत्तर ‘तयार’ असंच येणार. आणि टीओआर पुन्हा लिहाल तेव्हा एंडलाइनचा काळ ‘ऊसतोड मजूर परतल्यानंतर, पेरणीआधी’ असा शब्दांत लिहून घ्या. तोंडी ठरलेलं एजन्सी नेमली जाईपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.